कोल्ट्रेनचं कपाट कुठून उघडायचं?

जॅझ ऐकायला सुरुवात केली तेव्हा एकच नाव सारखं कानावर पडत होतं: अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन. ॲपवर नाव टाकलं तर अल्बमची रांग संपता संपेना. त्यात ‘असेन्शन’ हे नाव भारदस्त वाटलं, म्हणून तोच लावला. अकरा माणसं एकाच वेळी जिवाच्या आकांतानं वाजवत होती. वरच्या मजल्यावर कुणी लोखंडी कपाटं सरकवतंय असा भास झाला. सातव्या मिनिटाला बंद केलं, आणि पुढचे कित्येक महिने जॅझ हा आपला प्रांत नव्हे अशी स्वतःची समजूत घालून बसलो.

पुढे कधीतरी कळलं की ‘असेन्शन’ २८ जून १९६५ चं आहे. त्याच्या आठ वर्षं आधी हाच माणूस जे वाजवत होता, ते पहिल्या ऐकण्यात मान डोलायला लावतं. मधल्या आठ वर्षांत काय घडलं याचा पत्ता नसताना मी थेट टोकाशी जाऊन उभा राहिलो होतो. दोष अल्बमचा नव्हता, कानांचाही नव्हता. तारखेकडे बघायला हवं हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच.

कोल्ट्रेनच्या बाबतीत तारीख का महत्त्वाची, ते आधी बघू. त्याचा जन्म १९२६ चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला. मृत्यू १७ जुलै १९६७, यकृताच्या कर्करोगानं, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. स्वतःच्या नावावर पहिला अल्बम निघाला १९५७ साली. म्हणजे मुख्य कलाकार म्हणून त्याच्या हाती जेमतेम दहा वर्षं आली. एवढ्या काळात तो इतक्या वेळा बदलला की १९५७ चा कोल्ट्रेन आणि १९६७ चा कोल्ट्रेन शेजारी ठेवले तर नवख्या माणसाला ते दोन वेगळे वादक वाटतील. अल्बम पुष्कळ असणं ही मुळात अडचण नाहीच. ते ज्या क्रमानं आपल्यासमोर येतात, तो क्रम फसवा आहे.

त्याची गोष्ट अशी. त्या काळी जॅझचा अल्बम करायला महिने लागत नसत. पाचसहा वादक दुपारी स्टुडिओत जमायचे, एकत्र वाजवायचे, संध्याकाळपर्यंत अल्बमभर संगीत फितीवर उतरलेलं असायचं. एका गाण्याचे दोनतीन प्रयत्न होत, त्यांना ‘टेक’ म्हणतात. त्यातला बरा निवडायचा. कोल्ट्रेन १९५७ आणि ५८ या दोन वर्षांत प्रेस्टिज या कंपनीसाठी सारखा वाजवत होता. कंपनीनं त्यातलं काही लगेच काढलं आणि उरलेल्या फिती ठेवून दिल्या. पुढे तो दुसऱ्या कंपनीत गेला, तिथून तिसऱ्या, त्याचं नाव मोठं होत गेलं, आणि प्रेस्टिज जुनी पुंजी एकेक करून बाजारात आणत राहिली.

परिणाम काय झाला? १९६५ साली त्याचे दोन नवे अल्बम दुकानात दिसले असते. एक ‘अ लव्ह सुप्रीम’, जो काही आठवड्यांपूर्वीच ध्वनिमुद्रित झाला होता. दुसरा ‘बाहिया’, ज्यातलं संगीत १९५८ चं होतं. दोन्हींच्या पुठ्ठ्यांवर एकच नाव, आणि मध्ये सहा वर्षांची दरी. गंमत म्हणजे प्रेस्टिजनं साठच्या दशकाच्या मध्यात काढलेल्या एका अल्बमचं नाव आहे ‘द लास्ट ट्रेन’. ट्रेन हे कोल्ट्रेनचं लाडकं नाव. शीर्षक ऐकून कुणालाही वाटेल, हे त्याचं अखेरचं काम. आत १९५७-५८ च्या उरल्यासुरल्या गोष्टी आहेत.

म्हणून पहिलं काम: ॲपवर अल्बमच्या खाली दिसणारं साल बाजूला ठेवा. ते बहुतेकदा प्रकाशनाचं असतं, आणि कधीकधी तर पुनर्प्रकाशनाचं. तुम्हाला हवी ध्वनिमुद्रणाची तारीख. ती डिस्कोग्राफीत, म्हणजे कलाकाराच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांच्या जंत्रीत असते. नाहीतर अल्बमच्या पाठीमागच्या मजकुरात. जॅझवाले त्या मजकुराला ‘लायनर नोट्स’ म्हणतात आणि तो श्रद्धेनं वाचतात. तारखेच्या शेजारीच दुसरी मोलाची ओळ असते: त्या दिवशी कोण कोण वाजवत होतं. तिच्याकडे पुढे येऊ.

आता ऐकायला बसू. सुरुवात ‘ब्लू ट्रेन’नं करा. १५ सप्टेंबर १९५७, ब्लू नोट कंपनी. ध्वनिमुद्रण न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी, रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात. होय, दिवाणखान्यात, जॅझमधले कितीतरी नामांकित अल्बम त्या एका खोलीत जन्मले. ब्लू नोटची एक चांगली रीत होती, ती वादकांना तालमीचेही पैसे द्यायची. त्यामुळे हा अल्बम घोटलेला वाटतो.

यातलं पहिलंच शीर्षकगीत लावा. पावणेअकरा मिनिटांचं आहे, पण त्यात जॅझची अर्धीअधिक बाराखडी येऊन जाते. सुरुवातीला टेनर सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन ही तिन्ही फुंकवाद्यं मिळून एक छोटी धून वाजवतात. धुनेचा तुकडा झाला की पियानो तिला जणू हुंकार देतो. या धुनेला ‘हेड’ म्हणतात. तिची लांबी आहे बारा बार. बार म्हणजे चार मात्रांचा एक खंड, तेव्हा अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन झालं असं समजा. साधारण वीस सेकंदांत ते पुरं होतं.

हेड संपल्यावर काय होतं हे नवख्याला कुणी सांगत नाही. धून थांबते, पण आवर्तन थांबत नाही. बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य), ड्रम आणि पियानो तोच अठ्ठेचाळीस मात्रांचा फेरा फिरवत राहतात, आणि त्यावर एकेक वादक पाळीपाळीनं आपलं मनोधर्माचं वाजवतो, म्हणजे ‘सोलो’ घेतो. आधी कोल्ट्रेन, मग ट्रम्पेटवर ली मॉर्गन, मग ट्रॉम्बोनवर कर्टिस फुलर, मग पियानोवर केनी ड्रू, शेवटी बासवर पॉल चेंबर्स. सगळ्यांचं झालं की पुन्हा हेड, आणि समाप्त. ख्याल ऐकणाऱ्याला हे परकं वाटायचं कारण नाही. बंदिश मांडायची, आवर्तनं भरायची, बंदिशीवर परत यायचं. फरक असा की इथे आवर्तनासोबत स्वरांची पार्श्वभूमीही ठराविक जागी बदलत जाते. तिला कॉर्ड म्हणतात: एकाच वेळी वाजणारे तीनचार स्वर.

एक प्रयोग करून बघा. कोल्ट्रेनचा सोलो चालू असताना हेडची धून मनातल्या मनात गुणगुणत राहा. दोनतीन प्रयत्नांत ती बरोबर बसते, आणि मग कळतं की तो वाट्टेल ते वाजवत नाहीये. मला हे जमलं त्या दिवशी जॅझ पहिल्यांदा ‘दिसलं’.

याच सुमाराच्या कोल्ट्रेनबद्दल एक शब्दप्रयोग हमखास वाचायला मिळतो: ‘शीट्स ऑफ साउंड’. आयरा गिटलर या समीक्षकानं तो १९५८ साली वापरला. स्वर इतके वेगानं आणि इतके दाटीवाटीनं येतात की सुटे ऐकू येत नाहीत, ध्वनीचा पत्राच्या पत्रा उलगडल्यासारखा वाटतो. ‘सोलट्रेन’ या अल्बममध्ये हे छान ऐकू येतं. यामागे एक माणूस म्हणून घडलेलं वळणही आहे. हेरॉइनच्या व्यसनापायी १९५७ च्या वसंतात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं त्याला आपल्या बँडमधून काढलं. कोल्ट्रेननं त्याच वर्षी व्यसन सोडलं. उन्हाळ्यापासून तो न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात थेलोनियस मंक या पियानोवादकाच्या हाताखाली रात्रीमागून रात्री वाजवत होता. १९५८ च्या आरंभी माइल्सकडे परत आला तेव्हा तयारी पार बदललेली होती.

माइल्सचं नाव निघालं आहे तर एक सांगून ठेवतो. कोल्ट्रेनच्या कामाचा मोठा हिस्सा दुसऱ्यांच्या नावाखाली आहे. ज्याचं नाव पुठ्ठ्यावर तो ‘लीडर’, बाकीचे ‘साइडमन’. फक्त कोल्ट्रेनच्या नावानं शोधलंत तर हे सगळं निसटतं. माइल्सचे ‘कुकिन’’, ‘रिलॅक्सिन’’, ‘वर्किन’’ आणि ‘स्टीमिन’’ हे चार अल्बम घ्या. चौघांचंही बहुतेक सगळं संगीत १९५६ सालच्या दोन दिवसांत, ११ मे आणि २६ ऑक्टोबरला, प्रेस्टिजचा करार संपवायच्या घाईत ध्वनिमुद्रित झालं. शेवटचा अल्बम बाहेर यायला १९६१ उजाडलं. त्यात ऐकू येतो तो चाचपडणारा, मध्येच अडखळणारा कोल्ट्रेन. मला तो फार आवडतो. पुढे काय होणार हे माहीत असताना त्याचं चाचपडणं ऐकायला मजा येते.

आणि साइडमन म्हणून त्याचं सगळ्यांत प्रसिद्ध काम अर्थातच माइल्सचा ‘काइंड ऑफ ब्लू’. इथे जरा थांबू, कारण १९५९ सालच्या वसंतातले दोन आठवडे कोल्ट्रेन समजून घ्यायला फार उपयोगी पडतात. ‘काइंड ऑफ ब्लू’चं दुसरं आणि शेवटचं सत्र झालं २२ एप्रिलला. कोल्ट्रेनच्या स्वतःच्या ‘जायंट स्टेप्स’चं मुख्य ध्वनिमुद्रण झालं ४ आणि ५ मे रोजी. दोन्हींत सॅक्सोफोन त्याचाच. पण संगीताची तऱ्हा दोन विरुद्ध टोकांची.

‘काइंड ऑफ ब्लू’मधलं ‘सो व्हॉट’ ऐका. बत्तीस बारचं आवर्तन. त्यातले पहिले सोळा बार एकाच स्वरसप्तकावर चालतात, मग आठ बार तेच सप्तक अर्ध्या स्वरानं वर सरकतं, आणि शेवटचे आठ बार पुन्हा मूळ जागी. बस. वादकापुढे मोकळं मैदान. घाई नाही, उड्या नाहीत. या पद्धतीला ‘मोडल’ म्हणतात. आपल्या कानांना ती पटकन जवळची वाटते, कारण एका स्वरसमूहात राहून त्याच्या गल्लीबोळांतून हिंडणं आपल्याला सवयीचं आहे.

आता ‘जायंट स्टेप्स’ हे शीर्षकगीत लावा. आवर्तन सोळा बारचं, लय इतकी द्रुत की तेरा-चौदा सेकंदांत ते संपतं, आणि तेवढ्यात कॉर्ड सव्वीस वेळा बदलते. नुसती कॉर्ड बदलत नाही, षड्जच तीन वेगवेगळ्या जागी उड्या मारत राहतो. समजा तानपुरा दर दोनतीन सेकंदांनी वेगळ्या सुरात लागतोय आणि गायकानं एकही तान बेसूर जाऊ न देता गायचंय. कोल्ट्रेननं याचा घरी कसून अभ्यास केलेला. पियानोवादक टॉमी फ्लॅनागनची मात्र सोलो वाजवताना दमछाक झाली, आणि ती अल्बमवर तशीच राहिली आहे. तो दोनचार स्वर वाजवतो, थांबतो, पुन्हा धरायला बघतो, शेवटी नुसत्या कॉर्ड देऊ लागतो. फ्लॅनागन काही लहानसहान वादक नव्हता. १९८२ साली त्यानं हीच धून घेऊन, याच नावाचा स्वतःचा अल्बम केला आणि तिच्याशी जुना हिशेब चुकता केला. दोन्ही पाठोपाठ ऐकून पाहा.

याच अल्बममध्ये ‘नाइमा’ही आहे. कोल्ट्रेनच्या पहिल्या पत्नीचं नाव. संथ, जवळजवळ स्थिर. खाली बास बराच वेळ एकाच स्वरावर ठाण मांडून बसलेला. जंत्री उघडली तर कळतं की हे गाणं मे महिन्यातलं नाहीच, २ डिसेंबरचं आहे, आणि पियानोवर फ्लॅनागनऐवजी विंटन केली आहे. एका अल्बममध्ये दोन ऋतू, दोन संच. ‘जायंट स्टेप्स’ची कसरत एकदा करून झाल्यावर कोल्ट्रेनची पावलं हळूहळू ‘सो व्हॉट’च्या बाजूला, मोकळ्या मैदानाकडे वळली. पुढचं जवळपास सगळं त्या वळणावरून येतं.

इथून पुढे अल्बममागून अल्बम ऐकत बसू नका, कंटाळा येईल. एकच धून धरा आणि तिच्या मागे जा. कोल्ट्रेनच्या बाबतीत ती धून म्हणजे ‘माय फेव्हरेट थिंग्ज’. मूळ गाणं १९५९ च्या ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेतलं. साधंसोपं, तीन मात्रांच्या चालीवरचं, गुणगुणण्याजोगं. कोल्ट्रेननं ते ऑक्टोबर १९६० मध्ये घेतलं. हातात नेहमीचा टेनर नाही, सरळ नळीसारखा दिसणारा सोप्रानो सॅक्सोफोन. आवाज चिरका, काहीसा सनईच्या वळणाचा. गाण्याची धून तो प्रेमानं मांडतो, पण धुनेच्या तुकड्यांमधली जागा वाट्टेल तेवढी ताणतो. त्या जागेत मकॉय टायनरचा पियानो दोनच कॉर्डवर झुलत राहतो, पाळणा हलवल्यासारखा. हेच झुलणं जवळपास पावणेचौदा मिनिटं चालतं. ज्यांना जॅझशी काही देणंघेणं नाही त्यांनाही हे आवडतं, असा माझा अनुभव आहे.

पुढचा थांबा, जुलै १९६३, न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवातलं ध्वनिमुद्रण. धून तीच, पाळणा तोच, पण वेग वाढलाय आणि सोलो उंच उंच चढत जातो. त्या दिवशी ड्रमवर नेहमीचा एल्विन जोन्स नव्हता, रॉय हेन्स होता. जोन्सचा ठेका गोल फिरतो, भोवऱ्यासारखा. हेन्सचा टोकदार, कुरकुरीत. कोल्ट्रेन त्याला लगेच प्रतिसाद देतो. ‘सोबत कोण होतं’ ही ओळ का वाचायची, त्याचं उत्तर इथे कानांनी मिळतं.

मग मे १९६६, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब. आता पियानोवर दुसरी पत्नी ॲलिस, ड्रमवर राशीद अली, आणि सोबत दुसरा सॅक्सोफोन फॅरो सँडर्सचा, जो किंकाळ्या फोडतो. झुलणारा पाळणा गेला. नियमित ठेकाही गेला. ड्रम आता लाटांसारखे येतात. धून मध्येच ओळखीचा चेहरा दाखवून पुन्हा गडप होते. आणि जुलै १९६६ मध्ये टोकियोला वाजवलेलं हेच गाणं सत्तावन्न मिनिटांचं आहे. सुरुवातीला बासवादक जिमी गॅरिसन कितीतरी वेळ एकटाच वाजवत राहतो. टोकियोचं मी एका बैठकीत एकदाच ऐकलंय; पुन्हा हिंमत केलेली नाही. पण या चार थांब्यांवरून गेल्यावर ‘असेन्शन’ आकाशातून पडल्यासारखं वाटत नाही. वाट कुठून कशी वळली ते पायांना कळलेलं असतं.

ज्या संचासाठी कोल्ट्रेन ओळखला जातो तो चौघांचा आहे: कोल्ट्रेन, टायनर, गॅरिसन आणि एल्विन जोन्स. ही मंडळी १९६२ पासून १९६५ च्या अखेरीपर्यंत एकत्र होती, इम्पल्स या कंपनीसाठी. जंत्रीत ही चार नावं एकत्र दिसली की डोळे मिटून अल्बम लावा. बहुतेक वेळा पस्तावणार नाही. टायनरचा डावा हात खालच्या पट्टीत घंटेसारखे ठोके देतो, जोन्स चार मात्रांवर तीन-तीनची जाळी विणतो, आणि गॅरिसन शांतपणे तळ धरून असतो.

हा संच जमण्याच्या थोडं आधी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये चार रात्री ध्वनिमुद्रण झालं. एरिक डॉल्फी हा दुसरा सॅक्सोफोनवादक सोबतीला होता. त्यात ‘इंडिया’ नावाची रचना आहे. कोल्ट्रेन तेव्हा रविशंकरांची ध्वनिमुद्रणं मन लावून ऐकत होता; पुढे मुलाचं नावही रवी ठेवलं. ‘इंडिया’मध्ये दोन बास एकत्र घुमतात, तानपुऱ्याची जागा घेतल्यासारखे. पण त्यात राग शोधायला जाऊ नका. त्यानं आपल्या संगीतातून घुमणारा आधारस्वर आणि एका जागी दीर्घकाळ राहण्याचा धीर घेतला. बाकी सगळं त्याचंच आहे. ही रचना ‘इम्प्रेशन्स’ या १९६३ च्या अल्बमवर मिळेल. त्याचं शीर्षकगीतही लावा: आवर्तनाचा सांगाडा थेट ‘सो व्हॉट’चा, लय मात्र सुसाट.

या सुमाराला ‘डाउनबीट’ या मासिकात एका समीक्षकानं त्याच्या आणि डॉल्फीच्या वादनाला ‘जॅझविरोधी’ म्हटलं होतं. नंतरच्या दोन वर्षांत कोल्ट्रेननं तीन अतिशय मवाळ अल्बम केले: ‘बॅलड्स’, ड्यूक एलिंग्टन या ज्येष्ठ पियानोवादकासोबतचा एक, आणि जॉनी हार्टमन या गायकासोबतचा एक. वादळी कोल्ट्रेन झेपत नसेल तर या तिघांत मुक्काम करा. हार्टमनचा खर्जातला मखमली आवाज आणि त्याच्या मागून हलकेच येणारा सॅक्सोफोन... यावर मी फार लिहीत नाही, रात्री ऐका. हा अल्बम ७ मार्च १९६३ चा. आदल्याच दिवशी, त्याच स्टुडिओत, चौघांनी एक वेगळा, बराच रांगडा अल्बम ध्वनिमुद्रित केला होता. त्याची प्रत नाइमाच्या कुटुंबाकडे राहिली आणि तो बाहेर आला २०१८ साली, ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ या नावानं. प्रकाशनाचं साल बघून चाललात तर हा त्याच्या मृत्यूनंतर एक्कावन्न वर्षांनी केलेला अल्बम ठरेल!

अशी फसगत नावांतही आहे. ‘लाइव्ह ॲट बर्डलँड’ या अल्बममधली सगळी गाणी क्लबातली नाहीत. त्यातलं ‘अलाबामा’ स्टुडिओतलं आहे, १८ नोव्हेंबर १९६३ चं. त्याच्या दोन महिने आधी अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवला होता आणि चार मुली मेल्या होत्या. पाच मिनिटांची रचना. सुरुवातीला पियानो खाली खर्जात नुसता थरथरतो, वर सॅक्सोफोन शोक करतो. तारीख माहीत नसेल तर एक संथ, सुंदर धून म्हणून ती कानाआड होईल.

‘अ लव्ह सुप्रीम’कडे यायला मी मुद्दाम उशीर केला. लोक पहिल्यांदा तोच हातात देतात. ऐकायला तो अवघड मुळीच नाही, पण चौघांची ओळख झाल्यावर ऐकला तर दुप्पट मिळतो. ९ डिसेंबर १९६४, एका संध्याकाळचं काम, तेहतीस मिनिटं, चार भाग. पहिल्या भागात बास चार स्वरांचा एक तुकडा वाजवतो आणि पुढचं सगळं त्या चार स्वरांभोवती उभं राहतं. भागाच्या शेवटाकडे कोल्ट्रेन तोच तुकडा बाराही स्वरांवर फिरवतो: वर, खाली, अनपेक्षित कुठेही. एखाद्यानं घरातल्या प्रत्येक खोलीत जाऊन दिवा लावावा तसं. मग सॅक्सोफोन थांबतो आणि माणसाचा आवाज तेच चार स्वर म्हणू लागतो, ‘अ लव्ह सुप्रीम, अ लव्ह सुप्रीम’. शब्द त्या स्वरांत आधीपासूनच होते हे तेव्हा ध्यानात येतं.

चौथ्या भागाचं नाव ‘साम’, म्हणजे स्तोत्र. ठेका नाही, नुसता गंभीर घोष. अल्बमच्या पुठ्ठ्यावर कोल्ट्रेननं ईश्वराला उद्देशून लिहिलेली एक कविता छापली आहे. ती समोर धरा आणि चौथा भाग लावा. सॅक्सोफोन ती कविता वाचतोय, अक्षरागणिक. कवितेत ओळ संपते तिथे स्वर खाली उतरतो, ‘थँक यू गॉड’ आलं की तोच उतार पुन्हा येतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा अर्ध्यावर ओळ चुकलो, पुन्हा मागे गेलो, दुसऱ्या खेपेला शेवटपर्यंत बोट ठेवून वाचलं. वाद्य बोलतं असं आपण सहज म्हणतो. इथे ते शब्दशः बोलतंय.

त्यानंतरचा काळ झरझर सांगतो, कारण तिथे समजावण्यापेक्षा ऐकण्याची तयारी लागते. ‘असेन्शन’मध्ये सगळे मिळून एक गदारोळ करतात, मग एकजण सोलो वाजवतो, पुन्हा गदारोळ, पुन्हा दुसऱ्याचा सोलो. हा आराखडा ठाऊक असला की चाळीस मिनिटांत हरवायला होत नाही. (त्याचे दोन पूर्ण टेक आहेत. आधी एक बाजारात आला, मग कोल्ट्रेनच्या इच्छेवरून त्याच पुठ्ठ्यात दुसरा घातला गेला. तेव्हा तुमच्या मित्राचं ‘असेन्शन’ तुमच्यासारखं ऐकू येत नसेल तर भांडू नका.) ६५ च्या अखेरीस टायनर गेला, ६६ च्या आरंभी जोन्स. फेब्रुवारी १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘इंटरस्टेलर स्पेस’ हा फक्त सॅक्सोफोन आणि ड्रमचा आहे, आणि माणसं कमी म्हणून उलट ऐकायला सोपा जातो. तो आला १९७४ साली.

मृत्यूनंतर निघालेल्यांपैकी ‘इन्फिनिटी’ जपून घ्या. १९६५-६६ च्या फितींवर ॲलिस कोल्ट्रेननं १९७२ मध्ये तंतुवाद्यांचा ताफा चढवला. कानाला वाईट नाही, पण त्यातलं किती जॉनचं आणि किती ॲलिसचं, हा वाद अजून मिटलेला नाही. ॲलिसचे स्वतःचे अल्बम मात्र आवर्जून ऐका. आणि सुरुवातीला ‘संपूर्ण संग्रह’, ‘डिलक्स आवृत्ती’ असल्या गोष्टींपासून दूर राहा. एकाच गाण्याचे सहा टेक ओळीनं वाजू लागले की सुंदर अल्बमसुद्धा रियाजाच्या खोलीबाहेर ताटकळल्यासारखा वाटतो. मूळ अल्बमवर जेवढी गाणी होती तेवढीच ऐकून थांबा. जास्तीचे टेक प्रेमात पडल्यावर.

‘असेन्शन’ आता मला आवडतं. रोज नाही, वर्षातून दोनतीनदा. ‘ओम’ अजून बाकी आहे. ऑक्टोबर १९६५ मध्ये सिएटलजवळ ध्वनिमुद्रित झालेला, भगवद्गीतेतले श्लोक इंग्रजीत पुटपुटत सुरू होणारा, एकोणतीस मिनिटांचा. गीता आहे म्हटल्यावर आपल्याला जड जाणार नाही अशा थाटात मी तो दोनदा लावला, आणि दोन्ही वेळा दहाव्या मिनिटाच्या आत पुन्हा ‘नाइमा’वर परतलो.